न्हाणीघराचा उतार

डूगल मॅकर्डीनं न्हाणीघर फोडलं ते ईस्टरच्या सुट्टीत. "दीड महिना," असं तो तेव्हा बायकोला, ग्लेनिसला, म्हणाला होता. आता नोव्हेंबर निम्मा सरला होता, आणि दोघं अजून मागच्या पडवीत, कपडे धुवायच्या टाकीपाशी उभं राहून बादलीनं अंघोळ करत होती.

ग्लेनिस त्यांच्याच गावच्या, व्हायॅलाच्या इस्पितळात नर्स होती, वय अठ्ठावन्न. दिवसभर माणसं उचलून-वळवून तिच्या पाठीचा पार भुगा व्हायचा. घरी येताना मनात एकच असायचं, गरम पाण्याखाली नुसतं उभं राहायचं. घरी बादली असायची.

तरी ती डूगलला सहसा बोलायची नाही. पोलादाच्या कारखान्यात त्यानं एकोणचाळीस वर्षं फिटर म्हणून काढली होती. घराचं छप्पर, स्वयंपाकघर, मागचा पत्र्याचा मांडव, सगळं त्याच्या हातचं. वायरिंग आणि नळ तेवढे परवानावाल्यांकडून, कारण कायदाच तसा. तेव्हाही हा त्यांच्या मागे उभा राहून काम तपासायचा. "परका माणूस घरात घ्यायचा, वर त्याला चहा पाजायचा," म्हणायचा. लेकीनं, टॅम्झिननं, पर्थहून दोनदा सांगून पाहिलं की बाबा, मी कुणाला तरी पाठवते. दोन्ही वेळा त्यानं फोन ग्लेनिसच्या हातात दिला.

फरशी त्यानं दोनदा बसवली आणि दोनदा उखडली. पाणी मोरीच्या जाळीकडे जायचंच नाही. मग तिसऱ्यांदा बसवली. त्या गुरुवारी ग्लेनिस कामावरून आली तेव्हा तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला होता. टाकलेलं पाणी संथपणे दाराकडे येत होतं. त्याचा पायमोजा भिजला होता, तरी तो हलत नव्हता.

"परत?" तिनं विचारलं.

"सिमेंटच खराब. दुकानदारानं जुना माल गळ्यात मारला."

"मागच्या वेळी फरशी वाकडी निघाली होती."

"होतीच वाकडी."

ती बूट न काढताच त्याच्या शेजारी टेकली. "डूग, मी रागावले नाहीये. रागवायला अंगात जोर लागतो. पण मी उद्या माणूस बोलावणार आहे."

तो नाही म्हणाला नाही. त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

शनिवारी विन्को बारबारिच आला. पन्नाशीचा, गुडघ्यांना कायमचे पॅड बांधलेला माणूस. तीस वर्षं तो फरशीचंच काम करत होता. त्यानं दार उघडझाप करून पाहिलं, कपाटावर हात फिरवला, मग कपभर पाणी जमिनीवर ओतून बघत राहिला.

"दार झकास बसवलंयस," तो म्हणाला. "कपाटही."

"गोड बोलू नकोस. मुद्द्यावर ये."

"फरशी सगळी निघणार, मित्रा. खालचं वॉटरप्रूफिंगही नव्यानं. हे काम एकट्यानं शिकत-शिकत करायचं नसतं."

"प्रत्येक फरशीला पाणसळ लावलीय मी."

"मग लाव की माझ्यादेखत."

डूगल कसाबसा गुडघ्यावर बसला आणि त्यानं पाणसळ, काचेच्या नळीत बुडबुडा असलेली ती पट्टी, जमिनीवर ठेवली. मान कलती करून, पक्षी बघतात तसं एका डोळ्यानं तो बराच वेळ बघत राहिला.

"बुडबुडा कुठं आहे?" विन्कोनं विचारलं. उतार जाळीकडे असता तर बुडबुडा उंच बाजूला, म्हणजे दाराकडे सरकला असता.

"दाराच्या बाजूला. जिथं पाहिजे तिथंच."

ग्लेनिस दारात उभी होती. बुडबुडा पार दुसऱ्या टोकाला, जाळीकडे जाऊन बसला होता. तिला तिथून चष्म्याशिवाय दिसत होता.

"गाडीतून टेप घेऊन येतो," विन्को म्हणाला आणि बाहेर गेला. टेप त्याच्या पट्ट्यालाच लटकत होता.

"कधीपासून?" ग्लेनिसनं विचारलं.

"गेल्या उन्हाळ्यापासून." तो जमिनीकडेच बघत होता. "कडेचं दिसतं. मधोमध डाग असतो. सरळ रेघ असली तर वाकते."

"आणि मला सांगितलं नाहीस. नर्स आहे मी."

"सांगितलं असतं तर गाडी काढून घेतली असतीस."

"घेतलीच असती."

"एवढं न्हाणीघर उरकलं की सांगणार होतो."

आठवड्याचे पाच दिवस ती वॉर्डात लोकांचे डोळे, नाड्या, जखमा बघत होती, आणि घरच्या माणसाचा चहा कपाबाहेर सांडायचा तेव्हा फडकं घेऊन नुसता पुसत होती. वय झालं, एवढंच तिला वाटलं होतं. तिला रडायला आलं नाही. तिनं त्याला हाताला धरून उठवलं, आणि दोघांचेही गुडघे कडकडले.

ॲडलेडच्या डोळ्यांच्या डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलं. डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, ती परत यायची नाही. उजव्यात दर महिन्याला इंजेक्शन द्यायचं, म्हणजे आहे ते बहुधा टिकेल. "थोडं आधी आला असतात तर," ती म्हणाली आणि वाक्य तसंच सोडून कागद भरू लागली.

विन्कोनं नऊ दिवसांत काम संपवलं. डूगल रोज दाराशी खुर्ची टाकून बसायचा आणि दहा वाजता स्वतः चहा करून द्यायचा. तपासायला मात्र एकदाही उठला नाही. काम संपलं त्या दिवशी ग्लेनिस शॉवरखाली गेली, आणि पाणी गार होईपर्यंत तिला बाहेर यायचं सुचलं नाही.

डिसेंबरात दुसऱ्या इंजेक्शनला ती रजा टाकून त्याला घेऊन ॲडलेडला निघाली. जायलाच चार तास लागत. गाडी तीच चालवत होती. डूगल बाजूला, हात मांडीवर ठेवून बसलेला.

"छपराच्या पन्हळी साफ करायच्यात," तो म्हणाला. "त्याला माणूस बघ. शिडीवर आता मी नको."

"बघते."

"कुंपण मी रंगवीन. ते आधीपासूनच वाकडं आहे."

"रंगव," ती म्हणाली, आणि पोर्ट ऑगस्टा आल्यावर चहासाठी गाडी बाजूला घेतली.