दामिनीचा खरवडलेला पेला

"मेघा, पोरीचा पेला तुह्या सासरी वेगळा ठेवतीन, पाहून घेजो," सिंधूताई लेकीला म्हणाल्या होत्या. मेघा हसली होती. "काय वं आई, कोणत्या जमान्यात राहून राहिली तू?"

मित्रांनो, तो पेला मी. स्टीलचा, आता ओरखड्यांनी भरलेला. नातीच्या बारशासाठी सिंधूताईंनी मला नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलं. दुकानदारानं टरटरत्या सुईनं माझ्या पोटावर नाव घातलं, 'दामिनी', आणि खाली 'आजी सिंधूताई'. मी किती मिरवलो!

दामिनीची आई मेघा बौद्ध, बाबा रोहित हिंदू. आजोळी, इंदोऱ्याच्या वस्तीत, मामेभावंडं तिला चिडवायची, "आली वं धरमपेठवाली!" दामिनी मला जाईल तिथं सोबत न्यायची. पण धरमपेठेत, रोहितच्या आईकडे, शामलाबाईंकडे, मला ओट्यावर जागा नसे. मोरीजवळच्या खिडकीत मी एकटा. नाव घातलेलं, ओळखायला सोपं. दामिनीला तो मान वाटायचा. "माझ्या पेल्याले कोणी हातही लावत नाही!" ती ऐटीत सांगायची. ऐकून माझं अंग तापायचं.

यंदा तिथंच महालक्ष्म्यांच्या जेवणात आतेबहीण मिनलला ठसका लागला. दामिनीनं धावत जाऊन मलाच तिच्या तोंडाला लावलं. शामलाबाईंनी मला फटकन उडवलं.

"थुंक! आधी थुंक! त्यांच्यातला आहे तो!"

मी फरशीवर गडगडत गेलो. रोहित पानावरून उठला नाही. "आईचं वय झालं, जाऊ दे ना," एवढंच पुटपुटला. कसलं वय? हात तर चांगला जोरात बसला होता!

घरी आल्यावर दामिनीनं कंपासपेटीतलं टोकदार कर्कटक घेतलं आणि 'आजी सिंधूताई' खरवडून काढलं.

"काहून खरवडलं वं?" मेघानं विचारलं.

"आता मले सगळ्यांच्यात ठेवतीन ना, आई?"

मेघाला आपलं ते हसू आठवलं. तिनं मला घासलं, रोहितसमोर आदळलं. "हा पेला ज्या ओट्यावर चालत नाही, त्या घरी माझी पोरगी जाणार नाही. तुम्हाला जायचं तर जा."

पण मित्रांनो, दामिनी आता कुणाच्याच घरी पाणी मागत नाही. खेळून येते ती ओठ सुकलेले घेऊन. कदाचित ती तुमच्याच अंगणात खेळत असेल. विचारलं तर म्हणेल, "तहान नाही." ऐकू नका तिचं. जा, पुन्हा विचारा. आणि तुमचाच पेला भरून तिच्या हाती द्या.