पुसलेला हात

टोंडो वस्तीच्या मासळीबाजारात नेस्तोरची आई बांगुस मासे विकायची. दर रविवारी दुपारी नेस्तोर तिच्यापुढे वाकायचा, थोरामोठ्यांचा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतात तसा तिचा आशीर्वाद मागायचा, आणि दर रविवारी तिचे हात कामात असायचे. चार वर्षं हेच. शाबू नावाच्या ड्रगच्या नशेत आणि टोळीच्या जोरावर त्याने तिला जे भोगायला लावलं होतं, ते पाहता तिने सुरी उगारली नाही हेच नशीब म्हणायचं.

आता तो वस्तीतल्या पोरांना बॉक्सिंग शिकवायचा आणि टोळीपासून लांब ठेवायचा. त्यांतला सतरा वर्षांचा जोव्हित सगळ्यांत लाडका आणि सगळ्यांत आडमुठा. आज, रविवारी, चार वाजता तो टोळीत जाणार होता, मनगटावर त्यांची खूण गोंदवणार होता. ती खूण सहजी सोडत नाही, हे नेस्तोरला स्वतःच्या मनगटावरून माहीत होतं.

"सुधारून तुला काय मिळालं रे दादा? सख्खी आई हात देत नाही!" जोव्हित फणकारला.

नेस्तोरच्या जिव्हारी लागलं. "चल, बघच," तो म्हणाला.

बाजार ओस पडला होता. म्हातारी पुढ्यात एकच मासा घेऊन बसली होती. नेस्तोर वाकला. तिने लगेच खवले काढायला घेतले.

"हात घाण आहेत."

"बरं आई. पुढच्या रविवारी येतो."

जोव्हितने त्याला बाजूला ओढलं. "परत येणार? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण बाकीच्या बायका बारालाच घरी जातात. ही एक मासा घेऊन एवढा वेळ बसते. कुणासाठी?"

जोव्हित म्हातारीकडे वळला. मग स्वतःच जाऊन तिच्यापुढे वाकला. आईबापाविना वाढलेलं पोर ते. किती वाकायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. म्हातारीने एप्रनला हात पुसला आणि त्याच्या कपाळाला लावला.

"कुणाचा रे तू?"

जोव्हितने आपल्या कोऱ्या मनगटाकडे पाहिलं. मग नेस्तोरकडे बोट केलं.

"याचा."

म्हातारीने दोघांकडे पाहिलं. मग तोच पुसलेला हात तिने लेकापुढे धरला. "घे लवकर. मासा तसाच पडलाय."

नेस्तोर त्या हातावर कपाळ टेकून त्या ओस बाजारात रडला.

चर्चमध्ये चारचे टोले पडले तेव्हा जोव्हित मासा साफ करत होता.

"शेपटीकडून डोक्याकडे, गाढवा!" म्हातारी त्याच्यावर खेकसत होती. "पुढच्या रविवारी लवकर ये, नीट शिकवते."