मास्तरांनी रंगवलेलं दार

पाट्या रंगवणाऱ्या माणसांना मोकळी जागा बघवत नाही. भिंत असो, पिंप असो, नाहीतर डब्याचं झाकण. ब्रश हातात आला की त्यावर काहीतरी उमटणार, उमटलं की त्याला किनार हवी आणि किनारीला सावली हवी. अशा माणसांना ओळीत उभं करून "उद्या अकरा वाजता सरकारी तपासणी आहे, नियमात लिहिलंय तेवढंच करा, जास्तीचं काही नको" असं बजावणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. वहिनींनी तो केला.

वहिनी म्हणजे या पाट्यांच्या कारखान्याच्या कर्त्यासवरत्या. कामगार त्यांना वहिनी म्हणत, गिऱ्हाइकंही वहिनीच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. महिन्यापूर्वी तपासनीस बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दालनात जायला एकच जिना होता आणि त्या जिन्यावर थिनरचे डबे रचून ठेवलेले होते. बाईंनी आवाज चढवला नाही. "खाली आग लागली तर वरची माणसं कुठून उतरणार?" एवढंच विचारलं. मग दुसरं दार आणि बाहेरून लोखंडी जिना होईपर्यंत दालनात काम बंद, असा कागद चिकटवून त्या निघून गेल्या. वहिनींना राग आला नाही. चूक आपली आहे हे त्यांना पहिल्या वाक्यालाच कळलं होतं, आणि गेली दहा वर्षं आपण तो जिना चढतोय-उतरतोय, आपल्या डोक्यात हे कसं आलं नाही, या विचाराने त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

पण दालन बंद झालं आणि मामंजीही बंद झाले.

मामंजी, म्हणजे वहिनींचे सासरे, कामगारांचे मास्तर. चाळीस वर्षं त्यांनी त्या दालनात वीस-वीस फुटी फलक रंगवले. आता हातभर उंचीच्या खालचं अक्षर त्यांना नीट दिसत नसे, त्यामुळे खालच्या खोलीतल्या घरांच्या आणि दवाखान्यांच्या बारक्या पाट्या त्यांच्या कामाच्या नव्हत्या. दालन नाही तर काम नाही. जेवणात मीठ कमी पडलं तर अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस, महिनाभर खिडकीपाशी बसून होता. काही विचारलं तर "हं." मीठ घातलंच नाही तरी "हं." उद्या दालन नापास झालं तर पुढची तपासणी तीन महिन्यांनी होणार होती. आणखी तीन महिने ते "हं" ऐकायची वहिनींची तयारी नव्हती. कारखान्याचं काय व्हायचं ते होवो. त्यांना आपला सासरा परत हवा होता.

सकाळपासून कामाला जोर चढला. वहिनींचा नवरा नियमांचा कागद घेऊन खुर्चीवर उभा राहिला. स्वभावाने भित्रा माणूस. कागदावर सरकारी शिक्का दिसला की आपोआप मोठ्याने वाचायला लागायचा.

"कलम चार. वाळूने भरलेल्या चार बादल्या. रंग लाल."

"कुठला लाल?" काना म्हणाला.

काना म्हणजे उंच, सडपातळ, सरळसोट रंगारी. त्याच्या जोडीचा दुसरा बुटका आणि गोल, म्हणून तो अनुस्वार. ही नावं मास्तरांनी ठेवली होती आणि घरच्यांनाही आता खरी नावं आठवत नसत.

"लाल म्हणजे लाल," नवरा म्हणाला.

"शेंदरी लाल की काळपट लाल?" अनुस्वार म्हणाला. "आग दिसली पाहिजे डोळ्यांसमोर."

"आग दिसायला नकोय रे, विझवायला हवीय!"

तासाभराने चार बादल्या चार लाल रंगांत तयार झाल्या, प्रत्येकीवर 'वाळू' हा शब्द पिवळ्या किनारीत. कारखान्यात कुणी विडीसुद्धा ओढत नव्हतं, तरी 'धूम्रपान करू नये' ही पाटी इतकी देखणी झाली की नवऱ्याला क्षणभर एखादी ओढावीशी वाटली. थिनरचे डबे मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या कोठडीत गेले. जिना तर असा घासला की त्याची खरी फरशी कोणत्या रंगाची आहे, हे पहिल्यांदाच कळलं. वहिनी कंबर कसून सगळीकडे फिरत होत्या, ओरडत होत्या आणि हसू दाबत होत्या.

राहिलं फक्त नवं दार. लोखंडी, बाहेरच्या बाजूला उघडणारं, मधोमध आडवा दांडा. दांडा ढकलला की बाहेरच्या जिन्यावर पाऊल. लोहाराने सकाळी दहादा उघडून दाखवलं होतं. त्यावर मोठ्या अक्षरांत 'आपत्कालीन मार्ग' लिहायचं होतं.

वहिनी सरळ घरी गेल्या. खिडकीपाशी मामंजी बसले होते.

"मामंजी, दारावरची अक्षरं काना काढतोय," त्या म्हणाल्या. "हातभर उंचीची."

"हं."

"'मार्ग' लिहायचंय."

मामंजींनी मान वळवली. "काना? त्याचा 'ग' बघितलायस तू? पाय मोडलेल्या खुर्चीसारखा दिसतो."

"आता काय करणार. दुसरं आहे कोण?"

"माझे ब्रश कुठे आहेत?" मामंजी म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

दुपारभर ते दारासमोर स्टुलावर बसून होते. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं उभी राहिली, एकेक अक्षर कमरेवर हात ठेवून उभं असावं तसं. काना आणि अनुस्वार आपली कामं सोडून बघत बसले, तर मास्तरांनी दोघांनाही झाडलं. महिनाभराचं साठलेलं सगळं बाहेर पडत होतं. झाडून झाल्यावर त्यांनी किनार घ्यायला सुरुवात केली. सोनेरी, बोटभर रुंद, दारावरून चौकटीवर जाणारी. आणि तिथे अडले.

"किनार तुटतेय," ते म्हणाले. दार आणि चौकट यांच्यामध्ये फट होती. चांगल्या पाटीला फट नसते. चाळीस वर्षं त्यांनी फळ्यांमधल्या भेगा बुजवूनच त्यावर रंग चढवला होता. "अनुस्वार, लांबी आण."

अनुस्वाराने भेगा बुजवायची लांबी मळून आणली. मामंजींनी पत्तीने ती चारही बाजूंच्या फटीत दाबून बसवली, वरून रंग, वरून किनार. वहिनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांना त्यात काहीच वावगं दिसलं नाही, कारण मामंजी गुणगुणत होते. बेसूर, कुठलं तरी जुनं गाणं, शब्द निम्मे चुकलेले. महिन्याने ऐकलेला तो आवाज ऐकून वहिनींचे डोळे भरून आले होते. फटीकडे कोण बघतंय.

"कलम अकरा, दार सहज उघडावे," नवऱ्याने वाचलं. सकाळी लोहाराने उघडलं होतंच. नवऱ्याने कागदावर खूण केली.

त्या संध्याकाळी मामंजी जेवता जेवता म्हणाले, "यात मीठ कमी आहे." नवऱ्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. वहिनी आनंदाने मीठ आणायला धावल्या.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला तपासनीस बाई आल्या. बुटक्या, सपाट चपलांच्या, हातात टॉर्च आणि मोजपट्टी. चहा नको म्हणाल्या. नव्या दाराचं काम होतं म्हणून आधी थेट वर चढल्या. जिन्यावर पाय घासून पाहिला. बादल्यांपाशी मात्र थांबल्या.

"चार रंगांत का?"

"एकमत झालं नाही," अनुस्वार म्हणाला.

बाईंचा ओठ किंचित हलला. मग त्या दारासमोर आल्या आणि जरा वेळ नुसत्या बघत राहिल्या. "हे हाताने काढलंय?"

"मशीनला असा 'ग' येत नाही," मामंजी म्हणाले.

बाईंनी दांडा ढकलला. दार हललं नाही. पुन्हा ढकलला. खांदा लावला. ढिम्म. नवरा घाईघाईने कागदावर कलम अकरा शोधायला लागला. बाईंनी टॉर्च लावला आणि चौकटीवरून बोट फिरवलं.

"इथली फट कोणी बुजवली?"

मामंजींच्या तोंडाकडे बघायची वहिनींना हिंमत झाली नाही. आता हे घरी जाणार, खिडकीपाशी बसणार, आणि या वेळी आपण कसलीही युक्ती केली तरी उठणार नाहीत.

"मी," वहिनी म्हणाल्या.

"खोटं!" मामंजी कडाडले. "साफ खोटं बोलतेय, बाई! हिला सरळ रेघ मारता येत नाही. ही किनार बघा. चारी बाजूंना एका मापाची, कुठे थरकाप नाही. ही हिच्या हातची वाटते तुम्हाला? माझं काम आहे हे. फट मी बुजवली. पाटीला फट..."

ते थांबले. दाराकडे बघितलं, जणू पहिल्यांदाच बघत होते.

"ही पाटी नाही," ते हळूच म्हणाले.

"नाही," बाई म्हणाल्या. "दार आहे. आणि उघडलं नाही तर दारही नाही." त्यांनी पेन काढलं, घड्याळ पाहिलं. "खालच्या खोल्या बघायच्या राहिल्यात माझ्या. वीस मिनिटं लागतील. मग मी परत येईन, आणि जे दिसेल तेच लिहीन."

त्यांची पावलं जिन्यावरून उतरली तशी सगळ्यांची एकच धावपळ उडाली. नवऱ्याने पत्ती उचलली.

"ठेव ती खाली," मामंजी म्हणाले. "माझी किनार मीच कापणार."

आणि कापली. पत्ती चौकटीत घालून वरून खाली, एका दमात. रात्रभरात लांबी पुरती सुकली नव्हती; सोनेरी-हिरव्या वळ्या जमिनीवर पडत गेल्या. वरची बाजू कापायला कानाने त्यांना हात दिला, खालची कापायला अनुस्वार पालथा पडला. वहिनींना ते बघवेना आणि नजरही काढवेना. शेवटची बाजू सुटली तसा कानाने दांड्यावर भार टाकला. दाराने एकदा कुरकुर केली आणि ते धाडकन उघडलं. ऊन आणि वारा एकदम आत घुसले, आणि काना बाहेरच्या जिन्याचा कठडा धरून कसाबसा सावरला.

मामंजींनी किनारीकडे पाहिलं. कडा फाटल्या होत्या, मध्ये लांबीचे पांढरे ओरखडे दिसत होते. मामंजी हसायला लागले. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते स्टुलावर बसून डोळे पुसत हसत राहिले. "चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या," त्यांना धाप लागली होती, "आणि पहिलं दार रंगवलं ते कायमचं बंद करून टाकलं!" मग कुणालाच आवरेना. नवरासुद्धा हसला, कागद तोंडावर धरून.

बाई परत आल्या. त्यांनी एका बोटाने दांडा ढकलला, दार उघडलं. पाच वेळा उघडून-मिटून पाहिलं. मग सगळ्यांना आत उभं करून "आग!" म्हणाल्या, आणि घड्याळ लावलं. गुडघे धरत का होईना, मामंजी सगळ्यांच्या पुढे उतरले आणि अंगणातून वर बघून ओरडले, "अनुस्वार, लवकर! जळालास तू!"

बाईंनी कागद भरला. "रोज सकाळी काम सुरू होण्याआधी हे दार उघडून बघणारा एक जबाबदार माणूस लागतो. कोणाचं नाव लिहू?"

"माझं," मामंजी म्हणाले. "मी बुजवलं, मीच उघडणार."

"वय?"

"पंच्याहत्तर. रोज येईन."

बाईंनी लिहिलं. मग दालनाच्या भिंतीवरचा महिन्यापूर्वीचा कागद स्वतःच्या हाताने काढला, घडी करून फायलीत ठेवला आणि चहा आहे का, असं विचारलं.

चहा करायला निघालेल्या वहिनी जिन्यातच थांबल्या. त्यांना इतकं बरं वाटत होतं की रडूच फुटलं. मागून मामंजी उतरत होते.

"रडतेस कशाला? पास झालो ना?"

"झालो, मामंजी."

"मग ऐक, सूनबाई." ते एक पायरी वरच थांबले. वहिनींच्या डोक्यावर त्यांनी क्षणभर हात ठेवला. त्याला अजून लांबी चिकटलेली होती. "पुन्हा माझं काम स्वतःच्या नावावर खपवायचं नाही."