फुंकरीनं उडणारं गवत

पन्हाळ्याजवळच्या पठारावर भर दुपारी ही गर्दी! फुंकरबाबांनी तीर्थाच्या रुंद थर्मासमधून वाळक्या गवताची काडी काढली.

"मेलेलं गवत हाय का न्हाय?"

"हाय!"

बाबांनी ऊन ऊन फुंकर घातली. काडीवरलं एक कुसळ थरथरलं आणि भुर्रकन उडालं. टाळ्या, शिट्ट्या!

"गवतात जीव घालतोय, तुझ्या मालकाच्या हातात घालाय काय अवघड?" बाबा पुढंच उभ्या असलेल्या बनाबाईला म्हणाले. "फकस्त डाक्टरच्या गोळ्या बंद कर. दोन शक्ती एका अंगात भांडत्यात."

लकव्यानं एक बाजू गेलेला नवरा शेजारी खुर्चीत होता. बनाबाईनं गोळ्यांची पिशवी बाबांच्या पायाशी ठेवली.

प्रभावतीअक्का गवतातल्या बारीक पतंग-किड्यांच्या नोंदी करायला तिथं आल्या होत्या. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. जैन बस्तीत दर्शन घेतल्याशिवाय पाणी न पिणाऱ्या, जीवजंतू बघूनच पाऊल टाकणाऱ्या. उडालेल्या कुसळाला मिशा होत्या, हे त्यांच्या नजरेतून कसं सुटणार? थर्मास बघून तर त्यांना हसूच फुटलं. त्यांच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी पतंगांच्या डब्या असत. गारठला की पतंग निपचित बसून फोटो काढू देतो. ऊब लागली की उडून जातो. मारायची गरजच नाही.

त्यांनी पायाजवळची काडी नीट निरखून उचलली. "बाबा, हिच्यावर घाला की फुंकर."

बाबांनी घातली. परत घातली. गाल फुगले, डोळे तांबडे झाले. काडी ती काडीच.

"फुगा भरायलाय जणू!" गर्दीतनं आवाज आला.

"माई, तू देव मानत न्हाईस, म्हणून अडलंय!"

"मानते की," अक्का हळूच म्हणाल्या. "म्हणूनच त्याच्या नावानं बर्फ खपवलेला बघवत न्हाय."

त्यांनी बाबांचा थर्मास उचलून सगळ्यांसमोर उघडा धरला. खाली बर्फ; वर फडक्यात काड्या, काड्यांना चिकटलेले गारठलेले पतंग. अक्कांनी एकावर फुंकर घातली. उडाला!

बनाबाईनं हात जोडले. "अक्का, तुमच्या बी अंगात आलं व्हय?"

अक्कांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई, आता तू घाल."

बनाबाईनं भीत भीत फुंकर घातली. पतंग उडाला. ती आपलंच तोंड चाचपून बघायला लागली.

बाबा एव्हाना फटफटीवर बसले होते. "पावणं, तीर्थ ऱ्हायलं की!" कुणीतरी ओरडलं.

अक्का उरलेल्या पतंगाचा फोटो घेऊ लागल्या.

"ह्येचं नाव काय ओ?" बनाबाईनं विचारलं.

"गवती पतंग, एवढं कळतंय. नेमकी जात जाणकारांना विचारीन. तोवर 'माहीत नाही' असं लिहीन."

"बाबाला तर समदं म्हाईत हुतं."

"तिथंच ओळखायचं, बनाबाई. गारठलेला पतंग फुंकरीनं उठतो. लकव्याचा हात न्हाय उठत. त्याला औषध लागतं, व्यायाम लागतो. देवाला रोज हात जोड, मीही जोडते. पण चमत्कार दाखवणाऱ्याची झोळी आधी उघडून बघ."

बनाबाई खाली पडलेली गोळ्यांची पिशवी उचलून मान डोलावत उभीच राहिली. खुर्चीतला नवरा जड जिभेनं खेकसला, "आता... गोळी दे की!"