बँडमास्तरांचं ट्रम्पेट

घरात मोठ्या जावेला सगळे फौजदारीण म्हणायचे. रहस्यकथा निम्मी होते न होते, तोच तिनं गुन्हेगाराची मानगूट धरलीच म्हणून समजा. धाकटीचं अगदी उलट. तिला पुस्तकात कुणाचाच संशय यायचा नाही. "तुझ्या घरात चोर शिरला तर आधी चहा विचारशील त्याला," असं फौजदारीण म्हणायची आणि सगळे हसायचे. धाकटीही हसायची, पण ते तिला लागायचं.

रविवारी दुपारी वाचन चाले. धाकटी मोठ्यानं वाचायची, फौजदारीण इस्त्री करता करता ऐकायची, सासरे आरामखुर्चीत बसायचे. शेवटच्या प्रकरणाआधी थांबून प्रत्येकानं आपापला चोर सांगायचा; ज्याचा बरोबर, त्यानं पुढचं पुस्तक निवडायचं. त्यामुळे वाचनालयात जायचा मान कायम फौजदारीणबाईंचा. सासरे दर वेळी डॉक्टरवर संशय घेत, पुस्तकात डॉक्टर नसला तरी.

या वेळचं पुस्तक मोठं गमतीचं होतं. छोट्याशा गावात बँडची स्पर्धा, आणि आदल्याच दिवशी बँडमास्तरांचं पितळी ट्रम्पेट कपाटातून गायब! बेकरीवाला गोणी घेऊन मागच्या दारानं सटकताना दिसलेला. शोध घेत होती टपाल कचेरीतली एक म्हातारी, आणि ती जाईल तिथे तिला कुणी ना कुणी केक खायला घालत होतं.

"बेकरीवाला," कॉलरवरून इस्त्री फिरवत फौजदारणीनं निकाल दिला.

"डॉक्टर," सासरे म्हणाले.

"आणि आमच्या भोळ्या सांबाचं काय म्हणणं?"

धाकटीनं पानात बोट घालून पुस्तक मिटलं. नाव ओठांवर होतं, पण कारण सांगायचं म्हणजे पंचाईत. सासऱ्यांना नुकतीच कवळी बसवली होती आणि सुरुवातीला तर ते सगळ्यांसोबत जेवायलाही बसत नव्हते.

"बँडमास्तर," ती शेवटी म्हणाली.

"अगं, त्यांचंच तर चोरीला गेलंय!"

"त्यांनीच लपवलंय, ताई. त्यांना आता वाजवता येत नाही आणि ते सांगायची लाज वाटतेय. चहात बिस्कीट पार लगदा होईपर्यंत बुडवतात. हसताना तोंडापुढे रुमाल धरतात. अक्रोडाचा केक म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण म्हातारीनं दिलेला तुकडा तसाच ठेवतात. मला वाटतं..." तिचा आवाज खाली आला. "त्यांना कवळी बसवलीय."

इस्त्री हवेतच थांबली. धाकटीनं भीत भीत खुर्चीकडे पाहिलं. सासरे सरसावून बसले होते.

"हात्तिच्या!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "आणि मी इथं तोंडात पुरावा घेऊन बसलोय, तरी मला कळू नये!"

तिघंही पोट धरून हसले.

"वाच, वाच पुढे," म्हणत फौजदारीण इस्त्री बंद करून जवळ येऊन बसली.

धाकटी वाचू लागली. म्हातारी बँडमास्तरांच्या घरी गेली, त्यांच्यासमोर मऊ पुडिंग ठेवलं, आणि मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ट्रम्पेट त्यांच्याच रजईच्या पेटीत निघालं. धाकटीचा आवाज चढत चढत गेला. गावानं मास्तरांना वाद्याऐवजी बँडला ताल द्यायची छडी दिली. त्यांनी नुसत्या हातवाऱ्यांनी बँड असा काही वाजवून घेतला, की पहिला नंबर गावातच राहिला.

"मग गोणीत काय होतं?" फौजदारणीनं फुरंगटून विचारलं.

"मांजरीची पिल्लं."

"हरले बाई! पण तुला सुचलं तरी कसं?"

"मला मास्तरांची काळजी वाटत होती," धाकटी म्हणाली. "मग सारखं लक्ष त्यांच्याकडेच जायला लागलं."

फौजदारणीनं तिच्या पाठीत धपाटा घातला आणि लगेच जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी वाचनालयातल्या बाईंनी विचारलं, "आज ताई नाही आल्या?"

"आज निवड माझी," धाकटी म्हणाली. तिनं सावकाश सगळी कपाटं पालथी घातली आणि सर्वांत जाडजूड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "हे द्या."