पर्यवेक्षकानं आधीच खाल्लेली आमटी

विमलावहिनींच्या खानावळीत अन्नसुरक्षा पर्यवेक्षक म्हणून गुरुदास पराडकरांची नेमणूक झाली, ती त्यांच्या अंगी काही गुण होता म्हणून नव्हे. त्यांना दुसरं काही काम नव्हतं, म्हणून झाली.

कट्टा गावच्या एस.टी. थांब्यासमोरची ही खानावळ. सगळा कागदोपत्री कारभार वहिनींची सून दीपिका बघायची. एके दिवशी फोनवरून डोकं वर काढून ती म्हणाली, "आता आपल्याकडे एक प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक हवा. एक दिवसाचं शिक्षण आहे, कुडाळला."

"माका ह्या वयात कोण शिकवतलो?" वहिनी म्हणाल्या.

"मी गेलंय तर तव्यार कोण?" मासे तळणारा पेद्रू म्हणाला.

मग तिघांनीही कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिथे वहिनींचे धाकटे दीर गुरुदास, वय एकाहत्तर, अविवाहित, तालुक्याच्या वाचनालयाचे निवृत्त ग्रंथपाल, भज्याची पुडी सोडून तिच्या कागदावरची अर्धी बातमी वाचत बसले होते. उरलेली अर्धी बातमी कुठल्या पुडीला गेली असेल, याचा ते विचार करत होते. तिघं आपल्याकडे का बघताहेत हे कळेपर्यंत त्यांचं नाव फॉर्ममध्ये भरून झालं होतं.

कुडाळच्या हॉलमध्ये ते सगळ्यात मागे बसले. अकरा प्रश्न मनात आले, एकही विचारला नाही. शेवटी परीक्षा झाली तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त गुण मिळाले, कारण दिलेली पुस्तिका वाचणारे हॉलमध्ये ते एकटेच होते. त्यांनी ती तीनदा वाचली होती आणि मुद्रणाच्या चुकाही काढल्या होत्या. प्रमाणपत्र हातात घेताना मात्र त्यांना वाटलं, आपण काहीतरी चोरून नेतो आहोत. पुस्तिकेत छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे या विद्येनं त्यांचं पहिलं नुकसान केलं ते वाचनाचंच.

पर्यवेक्षकानं सूचना द्यायच्या असतात. गुरुदासांनी आयुष्यात कुणाला मोठ्यानं सूचना दिली नव्हती. वाचनालयात "शांतता राखा" ही पाटीच त्यांच्या वतीनं बोलायची. म्हणून त्यांनी इथेही चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली. सुंदर वळणदार अक्षरात, अनुस्वारांसकट. "कच्चे मासे व शिजलेले अन्न यांसाठी स्वतंत्र सुरी वापरावी, ही नम्र विनंती." अशा सात चिठ्ठ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर लागल्या.

"सायबांनू," पेद्रूनं चौथ्या दिवशी एका चिठ्ठीवर बोट ठेवून विचारलं, "हेच्यार बांगडे निथळत ठेवले तर चलात? कागद बरो जाड आसा."

"त्यावर नियम लिहिलाय रे," गुरुदास कसेबसे म्हणाले.

"मगे बांगडेय वाचतीत."

वहिनी हसल्या, आणि गुरुदासही हसले, कारण विनोद चांगला होता आणि रागावायचं कसं ते त्यांना येत नव्हतं. तरी पेद्रूनं दुसरी सुरी आणली हे खरं. तो बोलायचा एक आणि करायचा दुसरं. वहिनींचं तसं नव्हतं. त्या बोलायच्या तेच करायच्या, आणि बहुतेक वेळा न बोलताच करायच्या.

आता कालच्या आमटीबद्दल सांगितलं पाहिजे. त्या खानावळीचं नाव होतं ते ह्या आमटीमुळे. रात्रीची बांगड्याची आमटी सकाळी मुरून घट्ट होते, तिचं तेल वर येतं, त्रिफळांचा वास आत जाऊन बसतो. ती गरम करून घावण्यांबरोबर खायला माणसं पहिल्या गाडीनं यायची. ताजी आमटी वाढली तर तोंड वाकडं करायची. पुस्तिकेचं म्हणणं वेगळं होतं. उरलेलं अन्न पसरट भांड्यात काढून लवकर थंड करावं, पाच अंशांखाली ठेवावं, सकाळी नीट उकळावं. गुरुदासांनी हे वहिनींना सांगायला आठ दिवस घेतले, तेही दीपिकामार्फत. वहिनींनी "बरा" एवढंच म्हटलं. पसरट ट्रे आला, फ्रीजमध्ये जागा झाली, आणि रोज सकाळी गुरुदास तापमापक घेऊन त्या ट्रेची तपासणी करू लागले. "भावजी आमटीचो ताप बघतत," असं वहिनी गिऱ्हाइकांना सांगायच्या.

एक गोष्ट मात्र पर्यवेक्षकांनी कुणाला सांगितली नव्हती. तपासणीच्या आधी ते मागच्या पडवीत बसून दोन घावणे आणि वाटीभर आमटी खात. तीस वर्षांची सवय. आधी पोट, मग नियम. रोज त्यांना स्वतःची लाज वाटे आणि रोज आमटी संपे.

त्या दिवशी शाळेत शिक्षकांचं शिबिर होतं. चाळीस जणांची न्याहारी खानावळीत ठरली होती, आणि त्यांनी मुद्दाम कालची आमटीच मागितली होती. गुरुदास नेहमीप्रमाणे पडवीत बसले. वहिनींनी वाटी पुढे केली. पहिला घास तोंडात गेला आणि त्यांनी डोळे मिटले. अशी आमटी कित्येक महिन्यांत झाली नव्हती. त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. वहिनींनी काठोकाठ भरली.

मग हात धुऊन, टोपी घालून, तापमापक घेऊन ते फ्रीजपाशी गेले. ट्रे रिकामा होता, आदल्या दिवशी धुऊन ठेवलेला. आमटीचं मोठं मडकं चुलीच्या वैलावर होतं, बाजूला राख. त्यांनी तापमापक बुडवला. चौतीस अंश. म्हणजे रात्रभर ती तिथेच होती, चूल केव्हाच विझली होती, आणि आपण खाल्लं ते यातूनच वेगळं काढून गरम केलेलं.

पुस्तिकेचं एकोणिसावं पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. मुद्रणदोषासकट. बांगडा उबेत राहिला तर त्यात तयार होणारं विष उकळूनही जात नाही. आणि बाहेर चाळीस शिक्षक येऊन बसायला लागले होते.

गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसण्यात त्यांचा आयुष्यभराचा सराव होता. तापमानाच्या रकान्यात 'चार' लिहायचं आणि पडवीत जाऊन बसायचं. पण त्या चाळिसांतल्या कुणी रात्री ओकत पडलं तर? आणि बोलायचं कुणाला, तर जिनं तीस वर्षं आपल्याला वाढलं, एकदाही हिशेब न विचारता वाढलं, तिला? मीठ जास्त पडलं तरी ते आजवर "छान" म्हणाले होते.

ते मडक्यापुढे उभे राहिले. वहिनी पळी घेऊन आल्या.

"वहिनी," गुरुदास म्हणाले, आणि भीतीनं त्यांच्या तोंडून कचेरीतली भाषा बाहेर पडली. "ही आमटी आज कोणालाही देता येणार नाही."

वहिनींनी पळी थांबवली. "माझ्यावांगडा हापिसातला कित्याक बोलतास?"

"ती फ्रीजमध्ये नव्हती."

"नव्हतीच. माणसा मुद्दाम खावक येतत, त्यांका फ्रीजातली मेलेली आमटी घालू? इतकी वर्षा वैलार ठेवतंय. कोणाक काय झाला?"

"झालं असेल. आपल्याला कुणी सांगितलं नसेल."

"आता उकळतंय, मगे?"

"उकळून जात नाही ते, वहिनी."

"आणि तुमी?" वहिनींनी पळी त्यांच्या पोटाकडे रोखली. "तुमी आत्ताच दोनदा खाल्लात. मेलात?"

तव्याजवळ पेद्रूचे खांदे हलायला लागले. गुरुदासांनी पोटाकडे लक्ष देऊन पाहिलं. पोट उत्तम होतं. इतकं समाधानी पोट त्यांना कित्येक दिवसांत जाणवलं नव्हतं. विद्येला पाठिंबा द्यायला निदान एक कळ तरी यावी, अशी त्यांची मनापासून इच्छा होती.

"मी खाल्ली ती माझी चूक," ते म्हणाले. "पण एकट्यानं चुकणं वेगळं, चाळीस जणांना वाढणं वेगळं." आणि मग, मडकं वहिनींच्या हातात जाईल या भीतीनं, त्यांनी ते स्वतःच उचललं. ते फार जड होतं. अर्ध्या वाटेवर ते एका बाजूला कलायला लागलं, तशी पेद्रूनं पळत येऊन दुसरी बाजू धरली. दोघांनी मडकं मागे नेलं आणि माडाच्या आळ्यात रिकामं केलं. पेद्रूनं वर कपाळाला, छातीला हात लावून खुरीस काढला. "सायबांनू, असला पाप मी पयल्यांदाच केलंय."

परत आले तेव्हा वहिनी पाठ करून उभ्या होत्या. दुपारसाठी भिजवलेले काळे वाटाणे त्यांनी कुकरात ओतले, झाकण दाणकन लावलं.

"सांबाऱ्याक अर्धो तास लागतलो," त्या म्हणाल्या. "थंय बसलेल्यांका तुमी सांगा. मी नाय सांगणंय."

ही शिक्षा त्यांना मडक्यापेक्षा जड गेली. ते बाहेर गेले. चाळीस शिक्षक, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांना उभं करून प्रश्न विचारणारी माणसं. गुरुदास डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हणाले की आमटी नीट साठवली गेली नाही, म्हणून ती टाकून दिली, वाटाण्याचं सांबारं येत आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. शेवटचे शब्द कुणालाच ऐकू गेले नसावेत.

"टाकली?" एक बाई जवळजवळ ओरडल्या. "सगळी? तुम्ही चाखून तरी बघितलीत का?"

खोटं बोलावं असं त्यांना फार वाटलं. "हो," ते म्हणाले. "दोन वाट्या."

खानावळभर हशा झाला. "कशी होती?"

"मी आजवर खाल्लेल्यांत सगळ्यात चांगली."

पुन्हा हशा झाला. आत कुकरची शिट्टी झाली. गुरुदास टोपी घालून आत आले. वहिनी नारळ खवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. शिक्षकांनी सांबारं खाल्लं, कुणी दुसऱ्यांदा मागितलं, कुणी आमटीच्या आठवणीनं कुरकुर करत गेलं.

दिवसभर घरात सगळे गुरुदासांच्या पोटाची वाट बघत होते. दीपिकानं दोनदा विचारलं. पेद्रूनं दर तासाला विचारलं. संध्याकाळपर्यंत पोटानं दगा दिला तो एवढाच, की त्यांना नेहमीसारखी भूक लागली.

"काय होता?" वाढताना वहिनींनी विचारलं.

"काही नाही."

"मगे?"

याला पुस्तिकेत उत्तर होतं, पण ते तीन परिच्छेदांचं होतं. गुरुदास भात कालवत राहिले. वहिनी उठल्या, नवी आमटी ट्रेमध्ये ओतली, थोडी निवू दिली, फ्रीजमध्ये सरकवली आणि दार असं लावलं की वरची बरणी हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुदासांनी आधी तापमान घेतलं, आमटी खळखळून उकळू दिली, आणि मग पडवीत बसले. वहिनी वाटी देऊन आत गेल्या नाहीत. पदराला हात पुसत तिथेच उभ्या राहिल्या.

त्यांनी घास घेतला. मग दुसरा. आमटी अगदी काल मडक्यातून मिळाली होती तशीच होती. कसून शोधूनही त्यांना फरक सापडला नाही.

"सांगा," वहिनी म्हणाल्या. "खरा सांगा."

गुरुदासांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग नजर वाटीत घातली.

"जरा कमी लागते, वयनी," ते म्हणाले. "मडक्यातली ती मडक्यातली."

"मी सांगतंच होतंय," वहिनी म्हणाल्या, आणि इतक्या प्रसन्न होऊन आत गेल्या की तेव्हापासून ट्रे फ्रीजमध्ये ठेवायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलेलं नाही.