मुका ठोका

फंक रॉकमध्ये गिटारवाल्याचा उजवा हात शिलाई मशीनसारखा अखंड चालतो, पण खरी करामत डाव्या हाताची असते. बोटं दाबली की तार बोलते, जरा सैल सोडली की नुसतं 'चक' होतं. हा मुका ठोका वाजवण्यात धाकट्याचा हात कुणी धरू शकत नसे.

त्या दुपारी त्याने मधलं कडवं वाजवलं आणि मान खाली घातली. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला त्याचा थोरला भाऊ बसला होता. त्याने तो तुकडा दोनदा ऐकला.

"काय भन्नाट वाजवलंस रे," दादा हेडफोनमध्ये म्हणाला. "तिसऱ्या ठोक्याला सूर येणार असं वाटतं आणि तू तो गिळूनच टाकतोस. वीस वर्षांत तुला हे सुचलं नव्हतं."

धाकट्याने डाव्या हाताची बोटं उघडमीट केली. तिसऱ्या ठोक्याला त्याने तार दाबली होती, चांगला जोर लावून. गेला महिनाभर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मधूनच बधिर होत होतं, आणि त्याने घरात कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"पुढच्या कडव्यातही अस्संच गिळ," दादाने फर्मावलं.

लाल दिवा लागला. या वेळी काय वाटेल ते झालं तरी तार बोलवायचीच, असं धाकट्याने ठरवलं. तिसऱ्या ठोक्याला त्याने दातओठ खाऊन बोटं दाबली.

चक.

"बघ," दादा खूश होऊन म्हणाला, "मनावर घेतलं की जमतं तुला."